तेजोबाहूचं शेवटचं पान

खाजामियाँ पेंटरनं आयुष्यात एकच लबाडी केली, आणि तीही इतक्या देखण्या अक्षरात की अख्ख्या अहमदपुरात कुणाला तिचा संशय आला नाही. एरवी माणूस सरळ, जरा जास्तच सरळ. मिठाईवाल्यानं पाटीवर 'शुद्ध तुपातील' लिहायला सांगितलं की हा डब्याच्या काठावर ब्रश निथळत विचारायचा, "शुद्ध लिवायचं का नुसतं तुपातील लिवू?" अशानं त्याची दोन गिऱ्हाइकं कायमची तुटली होती, पण त्याला त्याचं काही वाटलं नव्हतं.

निजामाच्या अमदानीत तो उर्दू शाळेत बसला. चौथीत असताना राज्य बदललं, शाळा मराठी झाली आणि नव्या मास्तरांनी फळ्यावर ग, म, भ, न काढलं. बाकीची मुलं ती अक्षरं घोकत बसली, खाजामियाँनं ती चित्रं समजून गिरवली. हात वळला तो तिथंच. पुढं शाळा सुटली, पण पाटीवर त्याचं अक्षर बघून शिकलेली माणसंही क्षणभर थांबायची.

लातूर वेगळा जिल्हा झाला तेव्हा तर त्याची चंगळच झाली. पुढाऱ्यांना काय मिळालं ते पुढारी जाणोत, खाजामियाँला पाट्या मिळाल्या. शाळा, सोसायट्या, ग्रामपंचायती, दवाखाने, जिथं तिथं 'जि. उस्मानाबाद' लिहिलेलं, ते खरवडून 'जि. लातूर' करायचं. सायकलला रंगाचे डबे बांधून तो अहमदपूर तालुका पालथा घालून पार निलंग्यापर्यंत गेला. एका म्हाताऱ्यानं त्याला शिडीखालून हाक मारली, "पेंटर, जिल्हा बदलून राहिलात, तर पाऊसबी जरा बदलून लिवा की!" म्हातारा चेष्टा करत होता. पण पुढं पावसानं लागोपाठ दोन वर्षं पाठ फिरवली आणि चेष्टा कुणाला सुचेनाशी झाली.

पाट्यांच्या त्या हंगामात हातात चार पैसे खेळत होते, तेव्हा खाजामियाँनं बायकोला न विचारता एक गोष्ट केली. नांदेडच्या रद्दीवाल्याकडून जुन्या कॉमिक्सची दोन पोती उचलून आणली. व्यंकटरावांच्या पत्र्याच्या थेटराच्या जिन्याखाली सुतळ्या ताणल्या आणि धुणं वाळत घालावं तशी ती पुस्तकं त्यावर टांगली. बाकावर बसून वाचा नाहीतर एका दिवसाच्या बोलीनं घरी न्या. हुसेनबीनं पोती बघून कपाळावर हात मारला. "दो बोरे ज्वारी लाते तो खाते तो बी," म्हणाली. पण संध्याकाळी भाकरी थापून झाल्यावर तीच एक पुस्तक पुढ्यात ओढून चित्रं बघत बसली.

लबाडी सुरू झाली ती याच पोत्यांतून. रद्दीतल्या पुस्तकाची पहिली आणि शेवटची पानं आधी झडतात. पहिलं पान नसलं तर वाचणारा चालवून घेतो. शेवटचं नसलं तर तो भांडायला येतो. आठवडा झाला नाही तोच रिटायर झालेले सिद्रामप्पा मास्तर फाटकं पुस्तक घेऊन दारात उभे. "खाजा, ह्यो राक्षस मेला का जिता हाय, एवढंच सांग. रातभर डोळ्याला डोळा न्हाई."

खाजामियाँला तरी काय ठाऊक! "उद्या शेवट देतो मास्तर," असं तोंडातून निघून गेलं. घरी जाऊन त्यानं कोऱ्या कागदावर चौकटी आखल्या, राक्षसाला दरीत लोटलं, फुग्यांत संवाद लिहिले, रंग भरला आणि खळ लावून पान चिकटवलं. मास्तरांनी ते दुसऱ्या दिवशी उभ्याउभ्या वाचलं आणि म्हणाले, "हां, आता बरं वाटलं!" झालं. दोन वर्षांत सतरा पुस्तकांचे शेवट त्यानं असे घरी बसून केले. कुणाला सांगितलं नाही. पहिल्या दिवशी सांगायचं राहिलं, आणि मग रोजच्या रोज सांगणं अवघड होत गेलं. ही गोष्ट एकट्या हुसेनबीला माहीत होती.

त्या सतरांत सगळ्यांच्या उड्या पडायच्या त्या 'तेजोबाहू'वर. परग्रहावरून आलेला, पोलादी बाहूंचा वीर. दुष्ट कालकेतूला हरवून तो डोंगराच्या माथ्यावर उभा राहतो, आकाशाकडं बघतो, आणि तिथं पुस्तक फाटलेलं. खाजामियाँनं तो शेवट केला तो पहिल्या दुष्काळात, चावडीपुढं टँकरची वाट बघत बायका घागरी घेऊन ताटकळत होत्या त्या दिवसांत. त्याच्या पानावर तेजोबाहू खाली बघतो. पायथ्याशी घागरी घेऊन माणसं उभी असतात. तो म्हणतो, "वरून मला बोलावणं आलं आहे. पण इथं माणसं तहानलेली आहेत. मी जाणार नाही." एका ठोशात डोंगर फोडून तो पाणी काढतो आणि त्याच गावात राहतो.

हे पान सगळ्यांत जास्त वाचलं असेल तर ते सरजाबाईनं. ती भीमनगरात राहायची. सकाळी पाझर तलावाच्या सरकारी कामावर माती उचलायची, दुपारनंतर थेटर झाडायची. तिचा नवरा कामाला म्हणून पुण्याकडं गेला होता, त्याला तीन वर्षं झाली होती आणि पत्र एकही नव्हतं. पस्तिशी ओलांडल्यावर ती प्रौढ शिक्षणाच्या वर्गात गेली. बाराखडी संपायच्या आत वर्गच बंद पडला. मग राहिलेली अक्षरं तिनं जिन्याखालच्या बाकावर बसून फुग्यांतल्या संवादांवरून पुरी केली. स्वतःच्या बळावर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलेलं तिचं पहिलं पुस्तक म्हणजे 'तेजोबाहू'. त्या दिवशी तिनं खाजामियाँला गुळाचा खडा आणून दिला होता.

तर अशात तेजोबाहूवर हिंदी पिक्चर निघाला. व्यंकटराव थेटरात रिकाम्या खुर्च्या बघून कंटाळले होते. त्यांनी विचारलं, "खाजा, हे चालंल का रे?"

"मालक, गावातलं लेकरू न् लेकरू त्याला वळखतं. डोळे झाकून आणा," खाजामियाँ म्हणाला. पिक्चरला शेवट असतो, हे त्या क्षणी त्याच्या डोक्यात आलंच नाही. पोस्टर चिकटवताना आलं, आणि हातातली खळ तशीच वाळून गेली.

शुक्रवारी तीनच्या खेळाला थेटर गच्च भरलं. खाजामियाँ मागं दाराला टेकून उभा होता. शेवटच्या रिळात तेजोबाहू डोंगरावर चढला. पडद्यावरच्या तेजोबाहूनं आकाशाकडं बघितलं, हात जोडले, भलंमोठं भाषण केलं आणि भुर्रकन उडून आपल्या ग्रहावर निघून गेला. दिवे लागले तरी कुणी उठेना. लोकांना वाटलं, अजून आहे.

व्यंकटरावांची एक रीत होती. दर शुक्रवारी पहिला खेळ सुटला की ते लिंबाखाली बाजेवर बसायचे आणि बाहेर पडणाऱ्यांना राय विचारायचे. लोक तोंडावर सांगायचे, आणि त्यावरून पिक्चर आठवडाभर ठेवायचा का तीन दिवसांत रिळांची पेटी परत करायची, ते ठरायचं. त्या दिवशी विचारायची गरजच पडली नाही.

"त्याची तार दिसून राहिली ना मालक! उडतो का दोरीला लटकतो?"

"कालकेतू बाकी झ्याक हाय. हसतो तवा पत्रे हालतेत."

"अंगात पोलाद हाय तर नाचताना लाजतो कशाला?"

एवढ्यावर भागलं असतं. पण सिद्रामप्पा मास्तर काठी आपटत पुढं आले. "ते सगळं असू द्या. शेवट कुठं गेला? पुस्तकात तेजोबाहू डोंगर फोडतो, पाणी काढतो, गावात राहतो. ह्यांनी रीळच कापलंय!"

"कापलंय, कापलंय!" सगळे ओरडले. व्यंकटरावांचा पारा चढला. पेटी देणारे आपल्याला खेडवळ समजून फाटका माल गळ्यात मारतात, हा त्यांचा जुना राग. "उद्या नांदेडचा एजंट येतोय. त्याच्या तोंडावर पुस्तक मारतो. आता कलेक्टर काय उस्मानाबादला न्हाई बसत, लातुरात हाय, दुपारपर्यंत तक्रार करून येतो! खाजा, काढ ते पुस्तक."

खाजामियाँच्या तोंडचं पाणी पळालं. "मालक... ते भाड्यानं गेलंय."

हे खोटं नव्हतं, पण आत हॉल झाडणाऱ्या सरजाबाईनं ते ऐकलं आणि दारातून ओरडली, "माझ्याकडं हाय की! उद्या आणते."

रात्रीचं जेवण त्याच्यापुढं तसंच राहिलं. एजंट आला की खरं पुस्तक बाहेर निघणार, मालक चारचौघांत तोंडावर पडणार, जिन्याखालची जागा जाणार. हे सगळं जाऊ दे. पण सतरा पुस्तकं वाचून ज्यांनी आपल्यावर भरवसा ठेवला, त्यांच्यापुढं उद्यापासून कुठल्या तोंडानं उभं राहायचं, हा एक विचार त्याच्या डोक्यातून जाईना.

"छुपाको कब तक रखते? बोल देव, मोकळे हो जाव," हुसेनबी म्हणाली.

"बोलना क्या, पान निकालको फेंक देतौं. शेवट फाटकाच होता म्हणतो," तो म्हणाला. हुसेनबीनं त्याच्याकडं नुसतं बघितलं आणि ताट उचललं.

शनिवारी सकाळीच तो सायकल मारत तलावाच्या कामावर पोचला. सरजाबाई मातीची पाटी खाली ठेवून घाम पुसत होती. पुस्तक तिच्यापाशीच होतं, भाकरीच्या फडक्यात. सिमेंटच्या पोत्याच्या कागदाचं तिनं त्याला कव्हर घातलं होतं.

"मियाँभाई, म्या आणणारच होते की. येवढ्या उन्हाचं कशाला आलाव?"

"जरा बघायचं होतं," म्हणत त्यानं पुस्तक घेतलं आणि पाठमोरा झाला. पान उपटायला एक झटका पुरला असता. त्यानं मागून पुस्तक उघडलं, आणि मग का कोण जाणे, आधीची पानं चाळली. प्रत्येक पानावर पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. 'प्रचंड'खाली रेघ, 'षड्यंत्र'खाली दोन रेघा.

"ह्या रेघा?"

"जिथं अडले तिथं वढली. मंग फिरून वाचायचं, अडेना तवर."

शेवटच्या पानावर एकही रेघ नव्हती. त्याचं पान ती कुठंही न अडता वाचत आली होती. खाजामियाँनं पुस्तक मिटलं. तो वळला आणि खाली बघत म्हणाला, "बाई, हे शेवटचं पान छापलेलं न्हाई. म्या काढलंय. पुस्तक फाटकं होतं. पिच्चरमधला शेवट खरा हाय."

सरजाबाईला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तिचा चेहरा उतरला. "म्हंजे म्या पुरं वाचलेलं पयलं पुस्तक... ते पुस्तकच न्हवं?"

मुकादमानं हाक मारली. तिनं पुस्तक त्याच्या हातातून काढून घेतलं, फडक्यात बांधलं, पाटी डोक्यावर चढवली आणि मागं न बघता मातीच्या रांगेत गेली. शिव्या दिल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं.

शनिवारचा तीनचा खेळ सुटला तेव्हा लिंबाखाली शुक्रवारच्या दुप्पट गर्दी होती. नांदेडचा एजंट शिवप्पा मध्ये उभा होता आणि व्यंकटराव त्याला फैलावर घेत होते. शिवप्पानं सगळं ऐकून घेतलं. मग शांतपणे एक गठ्ठा सोडला. पिक्चरसोबत विकायला त्यानं कोरी पुस्तकं आणली होती. एक काढून त्यानं शेवटचं पान व्यंकटरावांच्या नाकासमोर धरलं. त्यात तेजोबाहू उडून चालला होता, पडद्यावर गेला अगदी तसाच.

व्यंकटरावांचा आवाज खाली आला. "मग आमच्या हितं लोक वाचून राहिले ते काय?"

सगळ्यांच्या नजरा जिन्याकडं वळल्या. खाजामियाँ पुढं आला. "ते म्या लिवलं, मालक. शेवटचं पान नव्हतं, म्हणून लिवलं. सतरा पुस्तकांत लिवलंय. कुणाला सांगितलं न्हाई, ही चूक झाली."

सिद्रामप्पा मास्तर हळूच म्हणाले, "खाजा... माझा राक्षस?"

"तो बी म्याच दरीत लोटला, मास्तर."

कुणीतरी फिस्सकन हसलं. मास्तर हसले नाहीत, पण रागावलेही नाहीत; त्यांना बहुधा कुठं बघावं ते कळत नव्हतं. मागून एकजण मात्र चिडून बोलला, "म्हंजे आम्हाला येडं बनवलं!" त्याला दोघातिघांनी दुजोरा दिला. व्यंकटराव एजंटसमोर तोंडघशी पडले होते, ते जिन्याकडं बोट करून म्हणाले, "खाजा, उद्या सकाळी त्या सुतळ्या..."

"थांबा मालक." हातात झाडू घेऊन सरजाबाई दारात उभी होती. झाडू तिनं भिंतीला टेकवला, सरळ शिवप्पाकडं गेली आणि हात पुढं केला. "ते नवं पुस्तक द्या हिकडं."

शुक्रवारी काय आणि शनिवारी काय, लिंबाखाली बाईमाणसानं कधी राय दिली नव्हती. शिवप्पानं गांगरून पुस्तक दिलं. ती पायरीवर बसली, शेवटचं पान काढलं आणि बोट ठेवून मोठ्यानं वाचायला लागली.

"पृ... पृथ्वी... पृथ्वीवा..." ती अडली. शाळेतल्या जुन्या सवयीनं मास्तरांनी सांगायला तोंड उघडलं, आणि मिटलं. ती पुन्हा मागं गेली. "पृथ्वीवासी... पृथ्वीवासीयांनो! माझं कार्य संपलं. माझा ग्रह मला बो... बोलावीत आहे. मला नि-रोप द्या."

शंभरेक माणसं उन्हात तशीच उभी राहून ऐकत होती. कोरं पुस्तक, कधी न बघितलेलं पान, आणि सरजाबाई ते वाचत होती. खाजामियाँचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. तिनं तळाची शेवटची ओळ वाचली, पान उलटून मागं काही राहिलं नाही ना ते बघितलं आणि मान वर केली. कपाळावर घाम होता, पण सकाळचा उतरलेला चेहरा आता उतरलेला नव्हता.

"पिच्चरमदी काय कापलेलं न्हाई," ती म्हणाली. "ह्यात हाय तसंच दाखवलंय. एजंटाला बोल लावू नगा. पर हा शेवट मला पटला न्हाई. डोंगर फोडायची ताकद अंगात असून माणूस निघून कसा जातो?"

तिच्या नवऱ्याची गोष्ट गावाला ठाऊक होती.

"मियाँभाईचा बरा हाय," तिनं निकाल दिला आणि पुस्तक शिवप्पाला परत केलं.

"बराच हाय!" मास्तर काठी आपटून म्हणाले. "माझा राक्षसबी दरीतच ठीक हाय." आता सगळेच हसले, मघाशी चिडलेलाही हसला. लोक वादाला लागले, कुणाला हा शेवट पसंत, कुणाला तो. व्यंकटरावांनी ती गर्दी नीट निरखली. थेटरमालक होते, बाकी काही नाही तरी गर्दी त्यांना वाचता यायची. "शिवप्पा, गठ्ठा हितंच राहू दे. लोक दोन्ही ताडून बघतील, पिच्चरबी पुन्हा बघतील. पेटी आठवडाभर न्हाई मिळायची," ते म्हणाले. मग जिन्याकडं बघून, आवाज मुद्दाम चढा ठेवून, "आन् खाजा, त्या सुतळ्या ढिल्या झाल्यात, ताणून बांध."

खाजामियाँचा जीव भांड्यात पडला. तो मटकन बाकावर बसला. दोन वर्षं छातीवर बाळगलेलं ओझं उतरलं होतं आणि त्याला आता सणकून भूक लागली होती. हुसेनबीला सांगायला घरी पळावंसं वाटत होतं, पण आधी सुतळ्या ताणायच्या होत्या.

गर्दी पांगल्यावर सरजाबाई फडक्यातलं पुस्तक घेऊन आली आणि त्याच्यापुढं ठेवलं. "हे घ्या. उद्या दुसरं द्या. पानं पुरी असलेलं."

"हाव बाई," तो म्हणाला. माफी मागायची म्हणून त्यानं तोंड उघडलं, पण ती झाडू उचलून निघालीसुद्धा होती. दारापाशी जाऊन ती थांबली.

"आन् पुरी नसली, तर आदी सांगत जावा. मंग तुमी लिवलेलं बी वाचंन."

सहाच्या खेळाची पहिली घंटा झाली. तिला त्याआधी अर्धा हॉल झाडायचा होता, म्हणून ती आत गेली.